बोरकरांची काडतुसं

शिस्त माणसाला कधीही दगा देत नाही, असं दिनकर बोरकर म्हणत असत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधल्या आपल्या भाड्याच्या घराच्या गॅरेजात गुडघ्यांवर बसून, कपडे वाळवायच्या मशिनखाली घरंगळलेली एक पितळी पुंगळी लाकडी उलथन्याने बाहेर ओढत होते. पुंगळी निघाली. उलथनं मोडलं. आतून सुनंदावहिनींनी विचारलं, "मोडलं ना?" बोरकर म्हणाले, "नाही." आणि उलथन्याचे दोन्ही तुकडे त्यांनी पायाने मशिनखाली सारले.

बोरकर नागपूरचे. शिक्षण मेकॅनिकल, आवड मेकॅनिकल, चालणंही थोडंफार मेकॅनिकल. पोटापाण्यासाठी मात्र सॉफ्टवेअर टेस्टिंग. त्या काळी आमच्या गावात जमिनीखालून काचेच्या तारा टाकणाऱ्या कंपन्यांचा सुकाळ होता. साऱ्या जगाचं बोलणं आपल्या तारांमधून जाणार, असं त्या कंपन्यांचे मोठे लोक मोठ्या पडद्यांवर चित्रं दाखवून सांगत. आम्ही दोघं अशाच एका कंपनीत होतो. मी पुण्याचा आणि वयाने लहान, त्यामुळे ते मला नावाने हाक न मारता "पुणेकर" म्हणत. ते विशेषण होतं की दूषण, हे त्यांनी शेवटपर्यंत स्पष्ट केलं नाही.

हॅल नावाचा एक अमेरिकन त्यांना ऑफिसातच भेटला. आमच्या लॅबमधली मापन-यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे तपासायला तो वर्षातून एकदा येई. डोंगरांच्या बाजूला त्याचा छोटा कारखाना होता, तिथे तो गेज बनवायचा, म्हणजे ज्यांनी इतरांची मापं तपासतात ती मापं. बोरकर त्याच्या पाठीशी उभे राहून तासभर नुसतं बघत राहिले. शेवटी हॅलने न राहवून विचारलं, "तुम्ही सिक्युरिटीचे का?" बोरकर म्हणाले, "नाही, मी मेकॅनिकलचा." इतक्या करुण आवाजात की हॅलने त्यांना जेवायला नेलं, आणि पुढच्या रविवारी आपल्या नेमबाजीच्या क्लबावर.

तिथे हॅलचं पिस्तूल होतं. ते कमरेला लावायची वस्तू नव्हती. लावलं असतं तर माणूस कमरेतून वाकला असता. नळीचं तोंड अर्ध्या इंचाचं आणि हातात घेतलं की वरवंटा उचलल्यासारखं वाटायचं. त्याची काडतुसं दुकानात फार महाग, म्हणून ती घरी भरणारे लोक असतात. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उचलायची, साफ करायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाशी नवा प्राइमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा, आत तोलून दारू घालायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची. हॅलला याचा कंटाळा होता. बोरकरांना, माझा अंदाज आहे, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी हातात धरायला मिळालं होतं. हॅलने सामान द्यायचं, बोरकरांनी काडतुसं भरून द्यायची, पैशाचा व्यवहार नाही, असं ठरलं. बोरकरांनी स्वतः आयुष्यात कधी पिस्तूल विकत घेतलं नाही.

काडतुसं भरण्याचं मॅन्युअल त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलं होतं. सकाळी आंघोळ झाल्यावर ते त्यातलं पानभर वाचत. एकदा खुर्ची सरकवताना माझा पाय त्याला लागला, तर ते थांबले, आणि मी नमस्कार करेपर्यंत बोललेच नाहीत. कोणत्याही वादात त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "मॅन्युअलमध्ये लिहिलंय." वहिनींच्या भिशीला आलेल्या बायकांनाही त्यांनी एकदा ते पिस्तूल कसं चालतं हे समजावलं होतं.

"बाकीची बहुतेक पिस्तुलं गोळी सुटल्याच्या धक्क्याने उघडतात," हातात बटाटेवडा धरून ते सांगत होते. "हे तसं नाही. ह्याच्या नळीला खालून एक बारीक भोक आहे, सुईच्या नेढ्यासारखं समजा. जळलेल्या दारूचा थोडा गॅस त्यातून जातो आणि वरची स्लाइड मागे ढकलतो. तेव्हा कुठे पुढचं काडतूस आत येतं. म्हणून ह्यात उघड्या शिशाची गोळी कधीही चालत नाही. वर तांब्याचं कवच पाहिजेच. नाहीतर शिसं खरवडून भोकात जाऊन बसतं. भोक मोकळं तर सगळं मोकळं."

"अहो, त्यांना चहा पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

त्या देशाचा एक कायदा असा की व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही; अपवाद, त्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल तर. बोरकरांचं घराणं माळकरी. केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचा वाढदिवस साजरा केला नाही. ते जाऊन शिकारीच्या वर्गाला बसले. आजूबाजूला झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घातलेले तरुण, आणि मधे इस्त्रीचा फुलशर्ट घातलेले बोरकर. मारलेलं हरीण जागेवर कसं साफ करावं, ह्या प्रश्नाचं सर्वात व्यवस्थित उत्तर त्यांचं होतं, असं परीक्षकाने सांगितलं. परवाना त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवला.

"परवाना काढलाच आहे तर एखादं हरीण लांबून तरी दाखवा," वहिनी म्हणाल्या.

"त्यात दाखवायची अट नाही," बोरकर म्हणाले.

पहिल्या खेपेची काडतुसं मात्र फसली. मॅन्युअलमध्ये दारूचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त माप दिलेलं असतं. बोरकरांनी कमीत कमीच्याही किंचित खाली हात आखडला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मिठाचं कसं, कमी पडलं तर वरून घालता येतं." हॅलने चाप ओढला, गोळी सुटली, पण गॅस पुरला नाही. स्लाइड अर्धवट मागे येऊन रिकाम्या पुंगळीला चावून बसली. प्रत्येक गोळीनंतर हॅल ती हाताने उघडत होता.

"डिंक," हॅल त्यांना डिंकच म्हणायचा, "हे पिस्तूल उपाशी आहे. त्याला पोटभर जेवू घाल."

 घरी आल्यावर बोरकर म्हणाले, "चूक माझी. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं." त्यानंतर त्यांची एकही खेप फसली नाही. दारू तोलताना गॅरेजात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही, पंखा बंद. तयार काडतुसं पेटीत उभी लावलेली असत, आणि दुकानातल्यापेक्षा ही चांगली, असं हॅल एकदा म्हणाला होता. हे वाक्य बोरकर, इतर लोक मुलाला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं सांगतात तसं, विषय नसताना सांगत.

मग २००१चा सप्टेंबर आला. त्याबद्दल मी काही सांगायची गरज नाही. आमच्या गावावरून विमानं जायची ती काही दिवस बंद झाली, आणि दाढी असलेल्यांनी ती काढली. ज्यांना नव्हती ते गाडीवर अमेरिकेचा झेंडा लावून फिरू लागले. गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णी यांनी दोन झेंडे लावले. मंडळाच्या पुढच्याच कार्यक्रमात, एका घराच्या तळघरात, श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी त्यांनी बोरकरांना गाठलं. अंगात रेशमी कुडता, आवाज भाषणाचा.

"दिनकरराव, घरात दारूगोळा ठेवलाय म्हणे तुम्ही? काय यार, सगळ्या समाजाला गोत्यात आणाल."

"माझ्याकडे परवाना आहे," बोरकर म्हणाले.

"परवाना हरणांचा आहे!"

"मग हरणांनी तक्रार करावी."

कुणीतरी हसलं. पण त्यानंतर त्यांच्या घरी कुणी मुलं खेळायला पाठवेनासं झालं, भिशीची जागा बदलली आणि ती बदलल्याचं वहिनींना कळवायचं सगळे विसरले. वहिनी मला म्हणाल्या, "ते विसरले नसतील हो, गडबडीत असतील." त्यांनी त्या दिवसासाठी करून ठेवलेला वड्यांचा डबा माझ्या हातात दिला.

दिवाळीच्या आधी कंपनीने माणसं काढली. साऱ्या जगाचं बोलणं आमच्या तारांमधून जाणार होतं, पण जगाला बोलायची तेवढी घाई नव्हती असं निघालं. मी राहिलो, का राहिलो ते कुणी सांगितलं नाही. बोरकर गेले. आणि व्हिसावरच्या माणसाचं असं की नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारही जातो. नवा मालक ताबडतोब मिळायला हवा. किती ताबडतोब, यावर प्रत्येक वकिलाचं मत वेगळं होतं. ग्रीन कार्डाचा अर्ज अर्ध्यावर होता, तो त्याच क्षणी रद्दी झाला. मुलगी मृण्मयी आठवीत. तिने एकदाच सांगितलं, "आय अ‍ॅम नॉट गोइंग, बाबा." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्या हिवाळ्यात मी बोरकरांना घरात फुलशर्ट घालून बसलेलं पाहायचो. फोनवर मुलाखत असली तरी शर्ट, नसली तरी शर्ट. "आवाजात फरक पडतो," ते म्हणत. मुलाखती येईनाशा झाल्या तेव्हा ते मला ऑफिसात इमेल करून सांगू लागले, "पुणेकर, जरा माझ्या नंबरवर फोन करून बघा, लागतो का." मी करायचो. पहिल्याच रिंगला उचलायचे. "हॅलो, दिनकर स्पीकिंग." मी म्हणायचो, "लागतोय." ते म्हणायचे, "हां. मग ठीक आहे." आणि ठेवून द्यायचे. पुढे पुढे मला तो नंबर फिरवणं अवघड होऊ लागलं, कारण त्या "स्पीकिंग"मध्ये दर वेळी आशा तेवढीच असायची.

गॅरेजात ते जात नव्हते. प्रेसवर चादर टाकलेली होती.

जानेवारीत हॅलला त्यांनी सगळं सांगितलं. हॅलच्या कारखान्यात तपासणीचं काम करायला माणूस लागणार होता. "बघतो काय करता येतं," हॅल म्हणाला. "रविवारी क्लबावर ये, बोलू." अमेरिकन माणूस असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की तो बघेल. बोरकरांनी ते वाक्य घरी आणून देवासमोर ठेवलं. वहिनींनी साखर ठेवली. मृण्मयीने दार उघडलं.

आणि इथे बोरकरांमधला नागपूरकर जागा झाला. ज्याच्याकडे कामासाठी जायचं त्याच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

"चिवडा न्या," वहिनी म्हणाल्या. "मी पातळ पोह्यांचा करते. त्याला मागे आवडला होता."

"चिवडा ऑफिसात नेतात. हा माणूस मला नोकरी देतोय, सुनंदा." त्यांनी प्रेसवरची चादर काढली.

हॅलने दिलेल्या तांब्याच्या कवचाच्या गोळ्या संपल्या होत्या. दारू होती, प्राइमर होते, पुंगळ्या होत्या. गोळ्या हॅलकडे मागायच्या तर भेट कसली? विकत घ्यायच्या तर वहिनींना विचारायला लागलं असतं, आणि त्या महिन्यात बोरकर वहिनींना काही विचारत नसत. मी शनिवारी दुपारी गेलो तेव्हा मागच्या अंगणात स्टोव्हवर वहिनींची जुनी लोखंडी कढई होती आणि तिच्यात शिसं वितळत होतं. गाडीच्या चाकांना तोल साधायला शिशाचे छोटे तुकडे लावतात. टायरच्या दुकानदाराने बादलीभर जुने तुकडे फुकट दिले होते. साचा क्लबातल्या कुणाचा तरी मागून आणलेला. ओतलेल्या गोळ्या फळीवर ओळीने गार होत होत्या. चकाकत होत्या, हे खरं.

"दिनकरराव, हे शिसं आहे," मी म्हणालो.

"कठीण शिसं आहे. ह्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. हे असं खरवडत नाही. इंटरनेटवर एकाने लिहिलंय, त्याने ह्याच पिस्तुलात वापरलंय."

"आणि मॅन्युअलमध्ये?"

ते पळीने वरची मळी काढत राहिले. मग म्हणाले, "मॅन्युअल सगळ्यांसाठी असतं, पुणेकर. माझी परिस्थिती त्यात नाही."

रविवारी त्यांना मीच घेऊन गेलो. हप्ते थकल्याने त्यांची गाडी एव्हाना कंपनीकडे परत गेली होती. काडतुसांची पेटी त्यांनी मांडीवर धरली होती, वर मिठाईच्या खोक्याला बांधतात तशी सोनेरी दोरी. हॅलला खरोखर आनंद झाला. त्याने दोरी सोडली, एक काडतूस उजेडात फिरवून पाहिलं आणि शीळ घातली. कारखान्याबद्दल आधी बोलायचं की आधी नेम धरायचा, असं त्याने विचारलं. बोरकर म्हणाले, "आधी हे."

काडतुसांचं पहिलं मॅगझिन सुरेख गेलं. धूर नेहमीपेक्षा जास्त होता, गोळ्यांना लावलेल्या मेणाचा. दुसरंही गेलं. बोरकर माझ्याकडे पाहून हसले. त्या हिवाळ्यात मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं. तिसऱ्या मॅगझिनच्या मध्ये स्लाइड थोडी कमी मागे आली. मग आणखी कमी. मग आलीच नाही. हॅलने हाताने उघडून पुन्हा चाप ओढला. गोळी सुटली, स्लाइड जागची हलली नाही. त्याने पिस्तूल रिकामं केलं, नळी काढून उजेडाकडे धरली, खालचं भोक शोधलं. भोक नव्हतं. त्या जागी एक करडा, गुळगुळीत ठिपका होता.

त्याने पेटीतलं एक काडतूस उचललं आणि गोळीवर नखाने ओरखडा काढला.

"लेड?"

"हार्ड कास्ट, सर," बोरकर म्हणाले. हॅलला त्यांनी आधी कधी सर म्हटलेलं नव्हतं.

हॅल थोडा वेळ नखाकडे पाहत राहिला. "इट्स ओके, डिंक," तो म्हणाला. "कारागिराकडे पाठवतो, भोक मोकळं करून देईल." मग तो हवेबद्दल बोलला, आमच्या कंपनीबद्दल बोलला, माझं बरं चाललंय का हे विचारलं. कारखान्याचा विषय निघाला नाही. बोरकर तो काढतील म्हणून मी दोनदा सिगरेटच्या निमित्ताने बाजूला गेलो; मी सिगरेट ओढत नाही. ते जमिनीवर वाकून पुंगळ्या वेचत होते. हॅल म्हणाला, राहू दे रे. ते वेचत राहिले.

परतताना ते मांडीवरच्या रिकाम्या पुंगळ्या मोजत होते. मग म्हणाले, "गेज बनवणाऱ्या माणसाला मी शिसं दिलं."

मी गाडीचा हीटर वाढवला.

"चिवडा चालला असता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हॅलचा फोन आला. तो पहिल्या रिंगला उचलला गेला. व्हिसाचं काम त्याच्या वकिलाला झेपणार नव्हतं, लहान कारखान्याला ते जमत नाही, फार वाईट वाटतं, वगैरे. पुढे मला आमच्या लॅबमध्ये कळलं की त्याच सुमारास हॅलने आपली जुनी माणसंही घरी पाठवली होती. ती जागा बहुधा कुणालाच मिळाली नाही. हे मी बोरकरांना मुद्दाम जाऊन सांगितलं. वाटलं, बरं वाटेल.

"नाही," ते ठामपणे म्हणाले. "भोक तुंबलं."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुणेकर भाऊजी, राहू द्या. त्यांना कारण सापडलंय. तेवढं असू द्या त्यांच्याकडे."

मार्चमध्ये त्यांनी घर आवरलं. सोफा एकाने नेला, मायक्रोवेव्ह दुसऱ्याने, प्रेस क्लबातल्या त्या साच्यावाल्याने. कुलकर्णी निरोपाला आले आणि तळघरातल्याच आवाजात म्हणाले की मातृभूमी हाक मारते तेव्हा जावंच लागतं. मृण्मयी वर खोलीत होती आणि तिला कुणी हाक मारायला धजत नव्हतं. राहिली ती दारू, डबाभर. विमानात नेता येत नाही, सामानवाले घेत नाहीत, कचऱ्यात टाकायची नाही. फायर ब्रिगेडला फोन करा, असं मी सुचवलं.

"ह्या उच्चारात?" बोरकर म्हणाले. "ह्या दिवसांत? 'हॅलो, दिनकर स्पीकिंग, माझ्या घरात दारूगोळा आहे'?"

मग त्यांनी मॅन्युअल उघडलं. त्यात एक परिच्छेद होता. ही दारू नत्रयुक्त असते, नको असेल तर थोडी थोडी गवतावर पातळ पसरावी, हळूहळू जमिनीत जिरते.

निघायच्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा बोरकर पुढच्या गवतावर होते. प्रवासाचा इस्त्रीचा शर्ट, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, डाव्या हातात डबा. वाऱ्याकडे पाठ करून उजव्या हाताने ते एकेक चिमूट टाकत होते आणि पुढे सरकत होते. शेजारचा म्हातारा कुत्रा घेऊन निघाला होता, तो थांबून बघत राहिला. बोरकरांनी त्याला गुड मॉर्निंग केलं. वहिनी बॅगांपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, गाडी आलीय. ओता एकदाच." ते न वळता म्हणाले, "ढीग नको. मॅन्युअलमध्ये लिहिलंय." शेवटी त्यांनी डबा झटकला, पाइपने गवतावर पाणी मारलं, हात धुतले, पँट सोडली. मृण्मयी गाडीत मागे बसली होती, कानांत हेडफोन. माझ्याशी हात मिळवताना ते काहीतरी म्हणणार होते, पण ड्रायव्हरने विमानतळ कोणता हे विचारलं आणि ते त्याला रस्ता समजावू लागले. गाडी वळेपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर उजवीकडे, मग सरळ, असा दाखवत होता.

जूनमध्ये वसाहतीच्या कमिटीने त्या घरापुढे "या महिन्याची सर्वोत्तम हिरवळ" अशी पाटी लावली. घर तेव्हा रिकामं होतं.